वजन उतरवताना नेमकं किती वाढून घ्यायचं? अनुभवी लोकांनी लिहा

"भात बंद, तूप बंद" असे फतवे नकोत. डबा घेऊन लोकल पकडणाऱ्या घरात रोज पाळता येतील असे साधे नियम हवेत, तेही मापासकट.

गिरगाव
आधी वाटी मोजा. रोजची स्टीलची वाटी पाण्याने काठोकाठ भरून ते पाणी मापाच्या कपात ओता. कुठे १२० मिली निघेल, कुठे २००. मग "एक वाटी भात" म्हणजे किती, हे घरागणिक बदलणारच. १५० मिलीची एक वाटी भातासाठी कायमची बाजूला काढा. न दाबता भरली तर सुमारे १०० ग्रॅम शिजलेला भात बसतो, म्हणजे साधारण १३० कॅलरी. सुरुवातीचा वरणभात आणि शेवटचा ताकभात, दोन्ही मिळून तीच एक वाटी. आपल्याकडे गडबड होते ती या दुसऱ्या भाताला.

डोंबिवली
भातापेक्षा तेल महत्त्वाचं, आणि ते ताटात दिसत नाही. ५ मिलीचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे ४० कॅलरी. बाटली कढईत तिरकी केली की तीन-चार चमचे कधी पडले ते कळतही नाही. माणशी दिवसाला चार चमचे धरले, तर चौघांना महिन्याला २.४ लिटर. एक तारखेला तेवढंच तेल वेगळं काढा. तळण, कणकेतलं मोहन, पोळीला लावायचं, चटणीवरचं कच्चं, सगळं त्यातूनच. वीस तारखेला बरणी रिकामी झाली तर गळती कुठे आहे ते शोधा. बहुधा मोहन आणि तळणच हिशेबातून सुटलेलं असतं.

फरसबी, गवार कढईला लागते म्हणून वरून तेल सोडलं जातं. त्याऐवजी खोलगट झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर वाफ काढा, आणि लागलंच तर तेच गरम पाणी भाजीत घाला. दोन चमच्यांच्या फोडणीत चौघांची भाजी होते.

विलेपार्ले
डोंबिवलीच्या ताईंच्या मुद्द्याला जोड: दाण्याचं कूटही मोजा. ३० ग्रॅम कूट म्हणजे १७० कॅलरी. उपवासाला १०० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम कूट, १० ग्रॅम तूप घेतलं तर एका बशीत ६०० च्या वर कॅलरी जातात, आणि प्रथिनं जेमतेम. साबुदाणा कोरडा असतानाच ४० ग्रॅम मोजा, सोबत काकडीची कोशिंबीर आणि ताक घ्या.

कुर्ला
नोकरदारांचा खरा प्रश्न संध्याकाळचा. डबा एकला, जेवण नऊला, आणि मध्ये स्टेशनबाहेर गरम वडे. कडकडून भूक लागलेली असताना निश्चय टिकत नाही, म्हणून भूकच तिथवर पोचू देऊ नका. साडेपाचला, ऑफिस सोडण्यापूर्वी, ३० ग्रॅम फुटाणे आणि एक पेरू. फुटाण्यांच्या पुड्या रविवारीच बांधा; मोठ्या पिशवीत हात घातला की माप संपलं. वडापाव खायचाच असेल तर रात्रीच्या पोळ्यांच्या जागी खा, वर नको.

माहीम
मासे सोडू नका. सुरमईची तुकडी, बांगडा तव्यावर चमचाभर तेलात होतो. जाड रव्यात घोळवून भरपूर तेलात तळला की रवाच तेल पितो. सोलकढीत नारळाचं दूध असतं, ती वाटीभरच.

मुलुंड
मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण एकदम कमी करू नका, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला. वजन सकाळी, शौचानंतर, उपाशीपोटी करा आणि आठवड्याची सरासरी बघा. पापड-लोणच्याच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसू शकतो, ते साठलेलं पाणी असतं. आठवड्याला अर्धा किलो उतरणं चांगला वेग आहे. कंबरही मोजा: पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० सेंमी ही आपल्याकडची मर्यादा.

ठाणे
पोळीचं कोणी लिहिलं नाही. "दोन पोळ्या" हे माप नव्हे. २५ ग्रॅम कोरड्या कणकेचा फुलका सुमारे ८५ कॅलरीचा. घडीची पोळी मोठी असते, शिवाय आत तेल. पोळी-भाजी केंद्रातून आणत असाल तर एकदा स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवा. घरच्या फुलक्याच्या दुप्पट भरली, तर दोनाऐवजी एकच घ्या आणि भाजी वाटीभर वाढवा.