महिन्याचा किराणा: मार्टचं कूपन घ्यावं की गावातच भरावा?

रेखा_दारव्हा
नमस्कार. दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहते. घरात सात माणसं, त्यात दोन लेकरं शाळेत जाणारी. राशनचं ३५ किलो धान्य फुकट मिळते, म्हणून गहू-तांदळाचं टेन्शन नाही. पण तेल, डाळ, साखर, चहापत्ती, साबण धरून गावच्या दुकानात महिन्याला ६,२०० लागतात. मला ५,००० मध्ये बसवायचं आहे, जूनमध्ये बियाण्याला अन् खताला पैसा लागेल. यवतमाळच्या एका मार्टमध्ये ३,००० च्या खरेदीवर २०० चं कूपन देतात, ते पुढच्या महिन्यात वापरायचं. घरची तूर यंदा मर रोगानं गेली, डाळही विकतचीच आहे. जावं का? कोणी असं कूपन वापरलं असेल तर सांगा.

नागपूरकर_७१
ताई, ३,००० नं काय होते, एकदाच १५,००० चं भरून टाका. आम्ही दिवाळीच्या सेलला गाडी घेऊन जातो, डिक्की भरून आणतो. सहा महिने साबणाकडे पाहावं लागत नाही. मागच्या खेपेला १,९०० वाचले, ते बिल मी अजून जपून ठेवलं आहे. बदाम-काजूही तिथंच घ्या.

रेखा_दारव्हा
दादा, बजेट ५,००० आहे. गाडी नाही, एसटीनं जायचं आहे.

तुरीचं_शेत
कूपनच्या मागं नका लागू बाई. पाकिटाची डाळ घेता तिथंच पैसा जाते. जानेवारी-फेब्रुवारीत तूर निघते तवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून क्विंटलभर घ्या अन् मिलवर डाळ करून आणा. आमाले क्विंटलमागं ६८ ते ७० किलो डाळ पडते, चुनी निघते ते बैलाले. आता मे महिना हाये, तरी काही जणांच्या घरी तूर पडून असंल, विचारून पाहा. डाळ दोन दिवस कडक उन्हात वाळवा, कोठीत कडुलिंबाचा पाला टाका. मी तीन वर्षांपासून दुकानातून डाळ आणली नाही.

रेखा_दारव्हा
भाऊ, पद्धत चांगली आहे. पण पेरणीच्या तोंडावर क्विंटलभर तुरीचे पैसे एकरकमी कुठून काढू?

शेगावची_माय
मी घेतलं होतं असं कूपन, दुसऱ्या गावच्या दुकानात. पुढच्या महिन्यात हौसेनं गेले. तेल, साखर, डाळ काढून काउंटरवर ठेवली तर पोरगी म्हणे, या वस्तूंवर कूपन चालत नाही. शिवाय १,५०० ची खरेदी पाहिजे अन् ७ तारखेच्या आत. त्या दिवशी ९ तारीख होती. कूपनच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं, मी चष्मा नेला नव्हता. इतका जीव जळला ना, अख्खा दिवस गेला. नका घेऊ.

पऱ्हाटी
माझंही हेच मत. कूपन म्हणजे पुन्हा बोलवायचा रस्ता. जाऊन-येऊन तिकीट, वर लेकरांना रसवंतीत रस, झाले २०० खर्च.

गुरुजी_आर्णी
रेखाताई, जा किंवा नका जाऊ, पाकीट वाचायला शिका. छापील किमतीजवळ प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली किती पडते तेही लिहिलेलं असते. तो आकडा पाहायचा. मागच्या महिन्यात चहापत्ती घेतली. २५० ग्रॅमचं पाकीट १४० ला, म्हणजे ग्रॅमला ५६ पैसे. शेजारीच ५०० ग्रॅमचं "बचत पॅक" २९० ला, म्हणजे ५८ पैसे. मोठं पाकीट महाग निघालं. मी छोटी दोन घेतली.

तेलाच्या डब्यावर १५ किलो आहे की १५ लिटर, हे बोट ठेवून वाचा. तेलाचा एक लिटर साधारण ९१० ग्रॅम भरतो. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या आसपास तेल. पाटीवर मोठ्ठा "१५" लिहून माणसं फसतात.

अन् २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू यांच्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या छापील किमतीचा माल कुठं दिसला तर त्यावरची "सूट" म्हणजे निव्वळ कमी झालेला कर असू शकतो. छापील किमतीपेक्षा जास्त कोणी मागितलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.

नागपूरकर_७१
सोयाबीनचं तेल घेऊच नका. घाण्यावरचं शेंगदाण्याचं तेल घ्या, आमच्याकडं तेच चालते. जवसाचं तेलही चांगलं.

तुरीचं_शेत
घाण्याच्या तेलाचा भाव पाह्यला का? सात माणसांच्या घरात भाजीले फोडणी द्यायची का नाही? आमी सोयाबीन पेरतो अन् सोयाबीनचंच तेल खातो, काय वाईट झालं?

नागपूरकर_७१
तब्येतीचा प्रश्न आहे. दवाखान्यात जाण्यापेक्षा तेलावर खर्च केलेला बरा.

पऱ्हाटी
तेलाचा वेगळा धागा काढा. आणि डबा घेताना किलो की लिटर ते पाहून घ्या, खूप फरक पडतो.

गुरुजी_आर्णी
मी तेच लिहिलं आहे वर.

दुकानदार_दिग्रस
माझं २२ वर्षांपासून खेड्यात किराण्याचं दुकान आहे. सगळे मार्टचा हिशेब करतात, आमचा कोणी करत नाही. मी जूनपासून कापूस निघेपर्यंत उधारी देतो. मार्ट एक दिवस तरी देते का? नगदी असले की लोकं यवतमाळले पळतात, अन् हात आखडला की माझ्याकडं वही उघडतात. ताई, तुमच्या दुकानदाराला स्पष्ट सांगा, नगदी देते, साखर अन् तेलाचा भाव कमी लाव. दोन-तीन रुपये तो नक्की सोडेल. शेजारच्या दोन घरांसोबत मिळून तेलाचा डबा अन् साखरेचा कट्टा घ्या, मग भाव आणखी खाली येते.

शेगावची_माय
आम्ही बचत गटाच्या बायका असाच डबा वाटून घेतो. मापावरून एकदा भांडण झालं, तेव्हापासून वजनकाटा ठेवला.

पऱ्हाटी
म्हणजे एकंदरीत मार्टला जाऊ नका, असंच सगळ्यांचं म्हणणं आहे.

रेखा_दारव्हा
(तीन आठवड्यांनी) सगळ्यांचे आभार. मी गेले. सासूबाईंना बीपीच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला यवतमाळला न्यावंच लागते, हे मी आधी लिहिलं नव्हतं. त्यामुळे तिकीट तसंही लागणारच होतं, आणि आम्हा दोघींना अर्धं तिकीट. घरूनच कागदावर यादी करून नेली, यादीबाहेरची एकही वस्तू उचलली नाही. साबण, टूथपेस्ट, चहापत्ती, शेंगदाणे, पोहे, दोन महिन्यांची कपड्याची पावडर. बिल ३,०४६.

माईंचं वाचलं होतं म्हणून पैसे द्यायच्या आधी काउंटरवर विचारलं. तेल-साखरेवर कूपन चालत नाही, पण वह्या-पेनांवर चालते, आणि ३० जूनपर्यंत मुदत आहे. आपल्याकडं शाळा जूनच्या शेवटीच उघडतात. दोघांच्या वह्या तशाही घ्यायच्याच होत्या, म्हणून कूपन घेतलं.

तेल, साखर, डाळ गावातच घेतली. दुकानदारदादा, तुम्ही सांगितलं तसं नगदी म्हणून बोलले, साखरेला २ रुपये कमी केले, तेलाला नाही. डबा वाटून घ्यायला शेजारी कोणी तयार झालं नाही. महिन्याचे सगळे मिळून ५,३८० झाले, ५,००० मध्ये नाही बसले.

गुरुजी_आर्णी
पावडर दोन महिन्यांची आहे ना? मग पुढच्या महिन्यात आकडा उतरेल. वह्या घेताना पानं मोजा, काहींत १७२ असतात, काहींत २००.

नागपूरकर_७१
शेंगदाणे कोणत्या भावानं मिळाले?