शब्दचर्चा : ‘पर्सेंटाइल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : भाचीला एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत पीसीएमला (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) ९० पर्सेंटाइल आले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “वा, नव्वद टक्के पडले!” तिला समजेल असा मराठी शब्द आहे का?

उत्तर १ : संख्याशास्त्राच्या पुस्तकांत ‘शतमक’ आहे. चतुर्थक, दशमक, शतमक अशी ती मालिका. शब्द नेमका आहे, पण वर्गाबाहेर कोणी वापरत नाही. ‘टक्के’ मात्र अजिबात नको, कारण मोजायची गोष्टच वेगळी आहे.

पीसीएमचा पेपर २०० गुणांचा. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे पन्नास दोन-दोन गुणांचे. चुकलं तरी गुण कापत नाहीत. टक्के काढायचे तर या २०० वरून निघतील. पर्सेंटाइल काढताना भाचीच्या सत्रातली मुलं मोजतात. समजा त्या सत्रात २०,००० जण बसले आणि त्यातल्या १८,००० जणांचे गुण तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी आहेत (यात तीही आली), तर तिचे पर्सेंटाइल ९०. तिच्या पुढे २,००० जण. तिचे गुण किती, हे या आकड्यावरून कळतच नाही.

परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. एखाद्याला अवघड पेपर येतो, म्हणून तुलना त्याच सत्रातल्या मुलांशी. प्रत्येक सत्रात जो पहिला, त्याला १०० पर्सेंटाइल, मग त्याला २०० पैकी २०० नसले तरी! पालकांना हे पटवताना घसा कोरडा पडतो. आकडा दशांशचिन्हानंतर सात स्थळांपर्यंत काढतात, तो बरोबरीत अडकणारी मुलं कमी व्हावीत म्हणून.

उत्तर २ : क्रियापदाकडेही बघा. मार्क ‘पडतात’, नंबर ‘येतो’. पर्सेंटाइल हे नंबराच्या जातीचं, म्हणून ‘आले’ हेच बरोबर. प्रश्नकर्त्यांनी तेच लिहिलंय, छान वाटलं. आईंना सांगायचं तर “शंभरातली नव्वद मुलं हिच्या बरोबरीची किंवा मागे” असं सांगा. शब्द नाही मिळाला तरी चालेल, अर्थ पोचला पाहिजे.

प्रश्नकर्ता : सांगितलं. त्यावर आईचा प्रश्न : तिन्ही विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढली की एकूण येतं का?

उत्तर १ : नाही. एकूण गुणांवरून क्रम नव्याने लागतो, त्यामुळे सरासरी जुळेलच असं नाही. टक्क्यांची सवय असल्यामुळेच हा प्रश्न पडतो.

उत्तर ३ : खरा घोळ नियमांच्या भाषेत आहे. एनआयटी या केंद्र सरकारच्या अभियांत्रिकी संस्थांच्या प्रवेशासाठी खुल्या गटाला बारावीत ७५ टक्के हवेत, किंवा आपल्या बोर्डाच्या ‘टॉप २० पर्सेंटाइल’मध्ये असायला हवं. एकाच वाक्यात दोन्ही मापं! वर तो ‘टॉप २०’ म्हणजे प्रत्यक्षात ८० किंवा त्याहून अधिक पर्सेंटाइल. ‘२० पर्सेंटाइल पुरे’ असं समजणारे पालक मला भेटलेत. मराठीत माहितीपत्रक काढणाऱ्यांनी इथे ‘बोर्डातल्या वरच्या वीस टक्के विद्यार्थ्यांत’ असं सरळ लिहावं. इथे ‘टक्के’ चालतात, कारण ते मुलांचे आहेत, गुणांचे नाहीत.