मदत हवी आहे: बांबोळी की मुंबई?

मुलीला एमबीबीएससाठी ऑल इंडिया कोट्याच्या पहिल्या फेरीत मुंबईचं सरकारी कॉलेज मिळालंय, आणि राज्य कोट्यातून बांबोळीचं गोमेकॉही (गोवा मेडिकल कॉलेज) मिळतंय. ओरिजिनल कागदांची फाईल एकच, त्यामुळे दोन्हीकडे पाय ठेवता येत नाही. आम्ही डिचोलीचे, फी दोन्हीकडे झेपेल. मुंबईच्या बाँडची चौकशी केली आहे, तिची एक वर्ष सेवेला तयारी आहे. ‘घरचं जेवण’ हा मुद्दा कृपया नको, तो आजीने रोज लावून धरलाय!

अडलंय पीजीवर, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या एमडी/एमएसवर. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीजीचं रहिवासी आरक्षण रद्द केलं, त्याच कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ठराविक जागांवर प्राधान्य मात्र राहिलं. म्हणजे मुंबईत एमबीबीएस केल्यास गोमेकॉत पीजीसाठी ती फक्त ऑल इंडिया कोट्यातूनच येऊ शकेल का? अलीकडे कुणी असं परतलंय का?