धरणाच्या दुरुस्तीत जुनी भांडी आणि राखेचा थर निघाला आहे. पावसाळा तोंडावर आहे, काय करावे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एका जुन्या मातीच्या धरणाच्या दुरुस्तीवर मी ठेकेदाराकडून साइट इंजिनिअर म्हणून काम पाहतो. धरणाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे वाचलेत की कळेल. भरावाखालून गळती होती. त्यामुळे जलाशय रिकामा करून पाण्याच्या बाजूचे पिचिंग, म्हणजे उतारावरचे दगडी अस्तर, उचलायचे, पायथ्याशी खंदक खोदायचा, तो चिकणमातीने थर देत कुटून भरायचा आणि पिचिंग पुन्हा बसवायचे, असे काम आहे.

पिचिंग काढताना आधी एक वीरगळ निघाला. कोरीव बाजू आत करून बसवलेला होता, म्हणून इतकी वर्षे कुणाला दिसला नाही. खाली लढाई, मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. तो सावकाश उचलून साइट ऑफिसजवळ गोणपाटावर ठेवला आहे.

खरा प्रश्न खंदकातला आहे. काळ्या मातीच्या खाली आणि मुरमाच्या वर पोकलेनने कापलेल्या भिंतीत वीतभर जाडीचा राखाडी पट्टा दिसतो आहे. त्यात कोळसा, हाडांचे तुकडे आणि लाल खापरे आहेत. काही खापरांवर काळ्या रंगात तिरप्या रेघांची नक्षी आहे. त्याच पट्ट्याखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आहेत. एकाचे पोट बकेटच्या दातांनी फुटले आहे आणि आत बारीक मातीत अगदी लहान हाडे दिसतात. ती पाहिल्यावर मी मशीन बंद करायला लावले.

आता साइटवर दोन मते आहेत. एक म्हणते, सगळे बुजवा आणि पुढे चला, नाहीतर काम वर्षभर अडकेल. दुसरे म्हणते, मडकी काढून घ्या, धुऊन पुसून कार्यालयात नेऊन द्या. मला दोन्ही पटत नाही. पण पाऊस सुरू होईपर्यंत खंदक उघडा राहिला, तर धरणाखालच्या गावांना धोका आहे आणि तोही मला टाळता येणार नाही. कुणाला कळवायचे, कशाला हात लावायचा, कशाला नाही आणि काम किती थांबवायचे? ज्यांनी हे प्रत्यक्ष हाताळले आहे त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (पुरातत्त्वाच्या उत्खननांवर काम केलेले)

मशीन थांबवलेत हे फार चांगले झाले. तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली दोन मडकी आणि आत बाळाची हाडे, ही ताम्रपाषाण काळातल्या (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरात होती तो काळ) जोर्वे संस्कृतीची ओळखीची दफनपद्धत आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला अशी बालदफने घरांच्या जमिनीखाली मोठ्या संख्येने मिळाली. लाल भांड्यांवर काळी नक्षी हेही त्याच काळाशी जुळते. फोटो न पाहता ठामपणे सांगणार नाही, पण तसे निघाले तर तुमच्या खंदकात साधारण ३,००० वर्षांपूर्वीच्या एखाद्या घराची जमीन कापली गेली आहे.

म्हणून मडकी काढून कार्यालयात द्यायची हा विचार सोडून द्या. मडके कुठल्या थरात होते, राखेच्या वर की खाली, शेजारी काय होते, यातूनच ते कधीचे आणि कुणाचे हे ठरते. प्रवरेकाठच्या दायमाबाद या पुरातत्त्वीय स्थळाच्या कांस्य वस्तूंचे पाहा. रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, असा ६० किलोहून जास्त वजनाचा अपूर्व ठेवा १९७४ मध्ये एका स्थानिक माणसाला झुडपाच्या बुंध्याशी खणताना सापडला. वस्तू हाती आल्या, पण त्या शास्त्रीय उत्खननात थरांतून मिळाल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद झाला तो झालाच.

आता लगेच करायचे ते सांगतो. राखेच्या पट्ट्यापासून दोन्ही बाजूंना काही मीटर सोडून दोरी बांधा. बाकी खंदकाचे काम चालू ठेवायला हरकत नाही, फक्त प्रत्येक बकेटवर नजर ठेवणारा एक माणूस उभा करा. त्या जागेतून आधीच निघालेली माती वेगळ्या ढिगात ठेवा, ती भरावाला वापरू नका, ती चाळता येते. भिंतीचे फोटो समोरून, स्टाफ (मोजणीची उभी पट्टी) किंवा मोजपट्टी ठेवून, उत्तर दिशेच्या खुणेसह घ्या. तुमच्याकडे टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचे यंत्र, असणारच. चेनेज (धरणाच्या लांबीवरचे अंतर), ऑफसेट (मध्यरेषेपासूनचे आडवे अंतर) आणि तलांक (उंची) नोंदवा. तुम्ही रोज करता तेच काम आहे आणि आमच्या दृष्टीने ते सोन्याइतके मोलाचे आहे.

धुणे, ब्रशने घासणे, फेव्हिकॉलने जोडणे यातले काहीही नको. नक्षीचा रंग पाण्याने निघू शकतो आणि मडक्यातल्या धान्याचा वा अन्नाचा अंशही वाहून जातो. सुटी पडलेली खापरे सावलीत हळूहळू वाळू द्या, जागा लिहिलेल्या कागदी किंवा कापडी पिशव्यांत ठेवा, चिठ्ठी पेन्सिलने लिहा. हाडे प्लॅस्टिकमध्ये बंद केली की बुरशी धरते. भिजलेले लाकूड निघाले तर उलट करायचे, ते ओलेच ठेवायचे, वाळले की तडकते. कोळशाला हात लावू नका, त्यावरून रेडिओकार्बन कालमापन होते. फुटलेले मडके भिंतीतच राहू द्या, फक्त ओलसर कापड आणि वरून सावली.

प्रतिसाद (महसुली कामकाज पाहिलेले)

कायद्याचे थोडक्यात सांगतो. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. काय सापडले, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख, एवढे त्यात हवे. न कळवणे हा गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रात्रीत बुजवून टाका म्हणणाऱ्यांना हे जरूर वाचून दाखवा.

व्यवहारात पत्र तुमच्या वरिष्ठांमार्फत कार्यकारी अभियंत्यांकडे द्या, प्रत जिल्हाधिकारी, तहसीलदार आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला. प्रत्येक प्रतीवर पोच घ्या. हाडे माणसाची असण्याची शक्यता आहे, म्हणून पोलीस ठाण्यालाही कळवा. ती जुनी आहेत हे तुम्हाला दिसते, पण पंचनामा झालेला असला की पुढे कुणी बोट दाखवत नाही. वीरगळही त्याच पत्रात घ्या. तो कुठल्या चेनेजला, कोणत्या तोंडाने बसवला होता ते लिहा.

आणि गावात सोन्याचा हंडा निघाल्याची बातमी फिरायच्या आत राखण ठेवा. फोटो ग्रुपवर टाकू नका असे सगळ्यांना सांगा. एका अफवेने रात्री कुदळी घेऊन माणसे येतात आणि सकाळी तुमच्या राखेच्या पट्ट्याच्या जागी खड्डा असतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पत्र गेले, पोच मिळाली, राखण बसवली. खापरे धुवायला घेतलेली बादली परत पाठवली. वरिष्ठांनी एक तोडगा सुचवला आहे: राखेच्या पट्ट्यावर जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी जाऊ देणारे कृत्रिम कापड, अंथरायचे, त्यावर स्वच्छ वाळू टाकायची आणि वरून खंदक भरून घ्यायचा, म्हणजे वस्तू जागच्या जागी सुरक्षित राहतील. हे बरोबर आहे का?

प्रतिसाद (धरण सुरक्षेत काम केलेले)

कृपया हे करू नका. उत्खननाच्या जागा झाकताना जिओटेक्स्टाईल आणि वाळू वापरतात, पण त्या जागांवर पाण्याचा दाब नसतो. तुमचा खंदक गळती अडवण्यासाठी आहे. त्यात आडवा वाळूचा थर घातला तर पाण्याला आयती वाट मिळेल, पाणी मातीचे कण घेऊन वाहू लागेल आणि पाइपिंगने धरण आतून पोखरले जाईल. मातीची धरणे फुटण्याच्या मुख्य कारणांपैकी हे एक आहे.

शिवाय राखेचा पट्टा स्वतःच भुसभुशीत आहे. खंदकाच्या रुंदीत तो तसाच ठेवून वर चिकणमाती कुटणे कुठल्याही अभियंत्याला मान्य होणार नाही. म्हणजे तेवढ्या लांबीत तो काढावाच लागणार. तो बकेटने काढायचा की करणीने, एवढेच ठरवायचे आहे. पत्रात हे स्पष्ट लिहा: इतक्या मीटर लांबीचा भाग गळतीरोधक खंदकात येतो, तो जागेवर जतन करता येत नाही, अमुक तारखेच्या आत बचाव उत्खनन (जागा नष्ट होण्याआधी करायचे शास्त्रीय खोदकाम) व्हावे. तारीख असलेल्या पत्राला लवकर उत्तर येते.

मातीसाठी खणायची जागा किंवा खंदकाबाहेरचा जलाशयाचा तळ, तिथे मात्र झाकून ठेवण्याचा उपाय चांगला आहे. तिथेही खापरे दिसत असतील तर माती दुसरीकडून घ्या. जागा बदलणे हा सगळ्यात स्वस्त उपाय असतो आणि तो कुणी विचारात घेत नाही, याचे मला वाईट वाटते.

प्रतिसाद (उत्खननवाले)

सहमत, वाळूचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नसता. बचाव उत्खननाची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. नागार्जुनसागर धरणासाठी नागार्जुनकोंड्याचे खोरे बुडणार होते, तेव्हा १९५४ ते १९६० या काळात तिथे उत्खनन झाले आणि महत्त्वाची स्मारके टेकडीवर आणि काठावर हलवून उभी केली. तुमच्याकडे काही मीटरचाच पट्टा आहे. परवानगी आणि माणसे मिळाली तर थोड्या दिवसांत थरानुसार खणून, दफन भोवतालच्या मातीच्या गोळ्यासकट, प्लास्टरच्या पट्ट्या बांधून अखंड उचलता येते. मग आतले प्रयोगशाळेत निवांत उघडतात. पण हे तुम्ही स्वतः करू नका, हे काम परवानगी असलेल्या संस्थेनेच करायचे.

धागाकर्ता

सगळ्यांचे सांगणे वरिष्ठांना वाचून दाखवले. वाळूचा तोडगा मागे घेतला. पुरातत्त्व खात्याचे लोक पाहणीला येत आहेत. उपअभियंता साहेबांनी खंदकाचे उरलेले दोन्ही भाग आधी भरून घ्यायचे ठरवले आहे, म्हणजे शेवटी फक्त हा तुकडा उघडा राहील.

दोन शंका अजून आहेत. मशीन आणि माणसे बसून राहिली त्याचा खर्च ठेकेदाराने सोसायचा का? आणि मधेच वळवाचा पाऊस आला तर तो तुकडा कसा वाचवायचा?

प्रतिसाद (धरण सुरक्षेत काम केलेले)

निविदेतल्या अटी काढून बघा. पुरातन वस्तू सापडल्यास काय करायचे, ही अट अशा करारांत सहसा असतेच. फिडिक या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या नमुना करारात ती ४.२४ क्रमांकाला आहे: ठेकेदाराने लगेच अभियंत्याला कळवायचे, वस्तू मालकाच्या (काम देणाऱ्याच्या) ताब्यात जातात आणि त्या सूचनांमुळे झालेल्या उशिराची मुदतवाढ व खर्च मागता येतो. तुमच्या करारात नेमके शब्द काय आहेत ते बघूनच मागणी लिहा. थांबलेल्या प्रत्येक दिवसाची नोंद साइट रजिस्टरमध्ये करून त्याच दिवशी सही घ्या. नंतर लिहिलेली नोंद कुणी मानत नाही. जागतिक बँकेच्या निधीतले काम असेल तर अचानक सापडलेल्या वस्तूंची कार्यपद्धती प्रकल्पाच्या कागदपत्रांतच असते, तीही मागून घ्या.

पावसाचे म्हणाल तर त्या तुकड्यावर उतार देऊन पत्र्याचे छप्पर करा, पाइपच्या खांबांवर. भोवती मातीचा छोटा बांध घाला, म्हणजे उताराचे पाणी आत येणार नाही. खंदकाच्या सखल टोकाला पंपासाठी खड्डा घ्या, राखेच्या पट्ट्यापासून लांब आणि डिझेल पंप चालू करून तपासून ठेवा. ताडपत्री थेट भिंतीवर चिकटवू नका, उन्हात आत वाफ धरते आणि ओली भिंत सोलून पडते.

प्रतिसाद (उत्खननवाले)

त्या भिंतीच्या पायाशी वाळूच्या गोण्या रचून आधार द्या, मडक्यांची बाजू मोकळी ठेवून. पाहणीला लोक येतील तेव्हा वेगळ्या ठेवलेल्या मातीच्या ढिगाकडेही त्यांना न्या. पहिल्या बकेटने उचललेला भाग त्यातच आहे आणि फुटलेल्या मडक्याचे उरलेले तुकडेही बहुधा तिथेच मिळतील.