झिम्बाब्वेची घसरण २००० च्या आधीची

नेहमी म्हटलं जातं की २००० पासून गोऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनी हिसकावल्या आणि झिम्बाब्वे बुडालं. अर्धंच पटतं. १९९७ मध्येच तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुगाबे यांनी स्वातंत्र्ययुद्धातल्या माजी सैनिकांना प्रत्येकी ५०,००० झिम्बाब्वे डॉलर आणि वर पेन्शन कबूल केलं, तेही तिजोरीत खडखडाट असताना. १४ नोव्हेंबरला एका दिवसात चलन आपटलं. पुढच्याच वर्षी काँगोच्या युद्धात फौज धाडली. जमिनींचा धडाका त्यानंतरचा, आणि त्यातल्याही बऱ्याच चांगल्या जमिनी सत्ताधारी पक्षातल्या बड्या धेंडांच्या घशात गेल्या.

पुढे महागाईच्या भडक्यात निघालेली १०० लाख कोटी झिम्बाब्वे डॉलरची नोट सगळ्यांना आठवते. मला २००९ नंतरचा प्रकार जास्त बोलका वाटतो. स्वतःच्या चलनाऐवजी अमेरिकी डॉलर चालू झाले, पण सेंटची नाणी आणणार कोण? मग दुकानदार सुट्ट्यांऐवजी च्युइंगम, गोळ्या नाहीतर उधारीची चिठ्ठी हातावर ठेवायचे. (आपल्याकडचे चॉकलेट टेकवणारे वाणी आठवले ना!)

एप्रिल २०२४ मध्ये सोन्याचा आधार सांगत ‘झिग’ हे नवं चलन आणलं. सप्टेंबरातच सरकारी दर ४० टक्क्यांहून जास्त पाडावा लागला. लोक डॉलर सोडत नाहीत यात नवल ते काय?