ट्रक सापडला, म्हणून माणूसही सापडेल?

खडूस_काका: काल इथे एकाने लिहिलं, 'एआयने ३६ तासांत ट्रक धरला, आता कोर्टकचेऱ्या हव्यात कशाला?' वाचून चहा कडू झाला. ऑगस्ट २०२५, नागपूर. ट्रकच्या धडकेत एक बाई गेली, ट्रक पळाला. नवऱ्याला आठवत होत्या फक्त ट्रकवरच्या लाल खुणा. टोलनाक्यांचं फुटेज यंत्राने चाळलं, ट्रक उत्तर प्रदेशात मिळाला. झकास! पण चेहरा म्हणजे ट्रक नव्हे. दिल्ली पोलिसांनी हरवलेली मुलं शोधायला चेहरा ओळखणारी यंत्रणा आणली, २०१८ मध्ये हायकोर्टात अचूकता सांगितली २ टक्के! पुढच्या वर्षी कळलं, तिला मुलगा-मुलगीही ओळखता येत नाही.

वैदर्भी: काका, जुनी रद्दी किती दिवस विकणार? तो माणूस बायकोचं प्रेत मोटरसायकलला बांधून निघाला होता, कोणी थांबलं नाही. ट्रक शोधणारी 'मार्व्हल', पोलिसांसाठीची सरकारी एआय कंपनी, आमच्या नागपुरात आहे म्हणून पोटात दुखतं का?

चहाबिस्किट: एआय ठेवा बाजूला, आधी तक्रार तर घ्या! बसमध्ये माझा मोबाइल मारला. चौकीत म्हणे, 'चोरीला गेला कशावरून? गहाळ लिहा.' दोन तास बसवून गहाळचा दाखला हातात दिला.

वैदर्भी: याचा इथे काय संबंध?

निवृत्त_हवालदार: आहे संबंध. मीही शेकड्याने गहाळ लिहिलेत. चोरी लिहिली की आकडा वाढतो, क्राइम मीटिंगला साहेबांची हजामत आणि नंतर आमची. जे कागदावर आलंच नाही ते यंत्र कुठून शिकणार? आणि जे आलं ते कसं आलं? घरफोडी झाली की पहिली गाडी पारधी वस्तीवर. १८७१च्या कायद्याने त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, १९५२ला विमुक्त केलं, पण आमची गाडी वाट विसरली नाही. एकदा तिघांना उचललं, दोन रात्री ठेवलं. चोर निघाला मालकाचा भाचा. त्या तिघांची नावं मात्र रजिस्टरला राहिली. उद्या तेच रजिस्टर यंत्राला पाजणार ना?

खडूस_काका: घ्या! दिल्लीत चेहरा ८० टक्के जुळला की 'जुळला' धरत होते, हे २०२२ मध्ये माहिती अधिकारातच बाहेर आलं.

वैदर्भी: बरं बाबा, नुसत्या चेहऱ्यावरून अटक नको. झालं समाधान? पण गाड्या शोधायच्या नाहीत का? तुमच्या घरातलं कोणी रस्त्यावर पडलं की बघू मग कसलं तत्त्वज्ञान सुचतं.

खडूस_काका: घरावर जाऊ नका. गाड्या शोधा, कोण अडवतंय?

चहाबिस्किट: हवालदारसाहेब, गहाळचं चोरी करून घ्यायला जाऊ कुठे?

निवृत्त_हवालदार: लेखी तक्रार स्पीड पोस्टाने एसपींना धाडा, शहरात असाल तर डीसीपींना. पोच जपून ठेवा. आणि माझं नाव सांगू नका.