मॉनिटर सुचवा: दिवसा डिझाइन, रात्री गेमिंग (बजेट २५ हजार, मुंबई)

विक्रोळी_स्लो

नमस्कार मंडळी. महिनाभर व्हिडिओ बघून डोक्याचं भजं झालंय, म्हणून शेवटी इथे विचारतोय.

काम म्हणजे लग्नपत्रिका, मंडळांचे बॅनर आणि अहवाल, दोन-तीन दुकानांच्या इन्स्टा पोस्ट. अर्धं छपाईला जातं, अर्धं मोबाइलवरच राहतं. रात्री अकरानंतर व्हॅलोरंट, सुट्टीच्या दिवशी एखादा स्टोरीवाला गेम. मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० आहे. सध्याचा मॉनिटर २२ इंची, १०८०पी, एका बंद पडलेल्या ऑफिसातून उचललेला. खुर्चीत जरा सरकून बसलं तरी रंग बदलतो.

धागा काढायचं खरं कारण गेल्या गणपतीतलं. या डबड्यावर भरवसा नाही म्हणून मंडळाचा बॅनर चुलतभावाच्या गेमिंग मॉनिटरवर केला. त्यावर भगवा इतका पेटलेला दिसत होता की मीच दोनदा खाली आणला. फ्लेक्स छापून आला तर भगव्याचा विटकरी झालेला. अध्यक्ष काही बोलले नाहीत. पण आरतीला उभा राहिलो तेव्हा जो तो एकदा बॅनरकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता.

बजेट २५ हजार, ताणून २८. टेबल १८ इंच खोल, घर एका खोलीचं. २४ इंची घेऊ की २७? गेमिंगवाला की डिझाइनवाला? कर्व्ह घेतला तर चालेल का?

गिरगावकर

४के घे. विषय संपला.

पिक्सेलपाटील

संपला कसला, सुरू झाला. ४के म्हणजे पडद्यावर जवळपास ८३ लाख पिक्सेल (ठिपके), १४४०पी म्हणजे ३७ लाख. ३०६० ला नव्या गेममध्ये ४के वर घाम फुटतो. आणि या बजेटमध्ये ४के मिळाला तरी बहुधा ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० फ्रेम) मिळेल, मग रात्रीच्या व्हॅलोरंटचं काय?

भाऊ, २७ इंच, १४४०पी, आयपीएस पॅनल (बाजूने बघितलं तरी रंग फारसा बदलत नाही), १४४ हर्ट्झ किंवा वर. तुझ्या कार्डाला हे झेपतं. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १४४ ला ६.९. एकदा सवय झाली की जुन्या मॉनिटरवर नुसता माउस हलवला तरी तो ओला वाटतो.

२७ इंचात १०८०पी मात्र घेऊ नकोस. इंचाला ८२ पिक्सेलच पडतात. तुझ्या २२ इंचीवर १०० आहेत, म्हणजे पैसे देऊन मागे जाशील. २७ ला १४४०पी असेल तर १०९ पडतात.

कर्व्हवाले बरेचसे व्हीए पॅनलचे असतात. काळा रंग आयपीएसपेक्षा झकास, कॉन्ट्रास्ट तिप्पट वगैरे, पण स्वस्तातल्या व्हीएवर अंधाऱ्या सीनमध्ये हलणाऱ्या गोष्टीमागे काळपट शेपूट येतं. शिवाय पत्रिकेची बॉर्डर सरळ आहे की वाकडी, हे वाकड्या पडद्यावर बघत बसणार का?

खोक्यावरच्या ‘१ एमएस’ला (पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ) भुलू नकोस, तो आकडा कुठल्या सेटिंगला मोजलाय ते कुणी सांगत नाही. ‘एचडीआर ४००’चंही (उजेड-अंधार जास्त खुलून दिसण्याचा दावा) तेच. त्या स्टिकरसाठी हजार रुपये जास्त देण्यापेक्षा मिसळ खा.

अक्षरवेडी

पिक्सेलपाटलांना +१. आता भगव्याचं बोलते, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे.

तुमचा भाऊ निर्दोष आहे 🙂 त्याचा मॉनिटर वाइड गॅमटवाला, म्हणजे जास्त रंगांचा असणार. वेबवरची बहुतेक चित्रं एसआरजीबी या मापाने बनतात. ते माप एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये आणलं. गेमिंग मॉनिटरवर ‘९५ टक्के डीसीआय-पी३’ असं अभिमानाने लिहिलेलं असतं, म्हणजे तो त्याहून जास्त रंग दाखवू शकतो. पण मॉनिटर त्या मापात बांधला नाही, नीट कलर प्रोफाइलही लावलं नाही, तर तोच आकडा तो ताणून दाखवतो. लाल आणि केशरी चांगलेच भडकतात. तुम्ही भडक दिसला म्हणून खाली आणलात, फाइलमधला भगवा मात्र आधी ठीकच होता. त्यात चकचकीत केशरी सीएमवायकेच्या (छपाईच्या चार रंगांच्या) शाईत पूर्ण उतरतच नाही, छपाईत तो थोडा बसतोच. आधी तुम्ही बसवलात, मग शाईने बसवला. झाला विटकरी.

म्हणून मॉनिटर घेताना एकच गोष्ट हट्टाने बघा: मेनूमध्ये एसआरजीबी मोड आहे का, आणि तो लावल्यावर ब्राइटनेस कमी-जास्त करता येतो का. काही मॉनिटरवर तो मोड लावला की ब्राइटनेस कुलूपबंद होतो. मग मोड असून नसल्यासारखा, डोळे दिपले की आपणच बंद करतो. ही गोष्ट खोक्यावर कधी छापत नाहीत, रिव्ह्यूमध्ये शोधावी लागते.

अस्सल डिझाइनवाला हवा असेल तर आसूसचा प्रोआर्ट पीए२७८क्यूव्ही आहे. २७ इंच, १४४०पी, १०० टक्के एसआरजीबी, कारखान्यातूनच रंग जुळवून येतो. पण ७५ हर्ट्झ. नुसतं डिझाइन करत असता तर डोळे मिटून सांगितला असता.

आणि ओलेड या महागड्या पॅनलचा मोह झाला (या बजेटमध्ये होणार नाही, पण सेल लागतात) तर आधी त्यावर मराठी मजकूर उघडून बघा. त्यातल्या क्यूडी-ओलेड प्रकारात सबपिक्सेलची (प्रत्येक ठिपक्यातल्या लाल-हिरव्या-निळ्या तुकड्यांची) मांडणी त्रिकोणी असते, त्यामुळे आडव्या कडांना वरखाली हिरवट-गुलाबी झाक येते. इंग्रजीत ती खपून जाते. आपल्याकडे प्रत्येक शब्दावर शिरोरेषा! मी एका ठिकाणी १० पॉइंटात अहवालाचं पान बघितलं. ओळी अशा दिसत होत्या, जशा छपाईत प्लेट सरकल्यावर दिसतात.

गिरगावकर

शिरोरेषेमुळे मॉनिटर नाकारणारे आपण पहिलेच.

अक्षरवेडी

रोज आठ तास शिरोरेषाच बघायची असते हो.

मुलुंडची_कुंदा

मला पॅनल-बिनल कळत नाही. मुलाने असाच मोठा मॉनिटर आणला तेव्हाचं सांगते. टेबल १८ इंच म्हणालास ना? २७ इंची मॉनिटर जवळपास दोन फूट रुंद असतो आणि त्याचे पुढचे पाय आठ-दहा इंच खातात. कीबोर्ड ठेवलास की पडदा नाकाला लागेल. आमच्याकडे दोन महिने मुलगा खुर्ची मागे ओढून हात लांब करून टाइप करत होता, नंतर खांदा धरला. शेवटी टेबलाच्या कडेला पकडणारा आर्म लावला आणि मॉनिटर भिंतीला टेकला. तेव्हा मागे १०० बाय १०० मिलिमीटरवर चार स्क्रूची भोकं आहेत का ते बघून घे. आणि खिडकी पाठीमागे येऊ देऊ नकोस रे, दुपारी पडद्यात वाळत घातलेले कपडे दिसतात.

विक्रोळी_स्लो

कुंदाताई, हे एकाही व्हिडिओत नव्हतं. आताच टेप लावून बघितलं, खरंच नाकाला लागतोय.

म्हणजे २७, १४४०पी, आयपीएस, एसआरजीबी मोड, मागे भोकं. ऑनलाइन घेऊ की लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर दुकानांतून?

ग्रँटरोड_पूर्व

दोन्ही. फोनवर ऑनलाइन भाव उघडा ठेवून लॅमिंग्टन रोडला जा. रविवारी नको, बहुतेक दुकानं बंद असतात. टॅक्सीवाल्याला डॉ. भडकमकर मार्ग सांगू नकोस, त्यालाही ‘लॅमिंग्टन’च कळतं.

मी एकदा फसलोय म्हणून सांगतो. एका दुकानात बिलाशिवाय दीड हजार कमी म्हणाले, मी खूश. घरी येऊन बघतो तर खोक्याची पट्टी एकदा काढून परत लावलेली आणि मॉनिटरच्या तळाशी कुणाचा तरी अंगठा. बिलच नाही, तर वॉरंटीच्या नावाने शिमगा. तेव्हा जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर, आणि खोकं दुकानातच उघडायला लावायचं.

काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पाच कोरे फोटो पेनड्राइव्हवर ने आणि एकेक करून पूर्ण पडद्यावर लाव. मेलेला पिक्सेल लगेच ठिपका दाखवतो. काळ्यावर कोपऱ्यात उजेड गळतो का ते डोळ्याने बघ, फोनच्या कॅमेऱ्यात तो दुप्पट दिसतो आणि उगाच भांडण होतं. ऑनलाइन घेतलास तर अटी वाच, बऱ्याचदा पैसे परत नसतात, फक्त बदलून देतात.

मॉडेल विचारशील तर डेलचा जी२७२४डी बघ. १६५ हर्ट्झ, आयपीएस, ९९ टक्के एसआरजीबी. फार वाइड नाही म्हणून भडकतही नाही. स्टँड वरखाली होतो, उभाही फिरतो. भाव रोज बदलतो, त्यामुळे आकडा देत नाही.

अक्षरवेडी

हा चालेल. तुमच्यासाठी वाइड गॅमट ‘नसणं’ हाच फायदा आहे.

विक्रोळी_स्लो

अपडेट. घेतला, डेलचाच. लॅमिंग्टन रोड, पक्कं बिल, पाचही रंग दुकानात लावून बघितले. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, लग्नाला मुलगी बघताय का?’ ग्रँट रोडहून दादर आणि दादरहून विक्रोळी, दोन्हीकडे लगेजच्या डब्यातून, खोकं उभं धरून. एका मावशींनी माशांची पाटी सरकवून जागा करून दिली.

पण १६५ हर्ट्झ दिसतच नाहीयेत. गेम जुन्यासारखाच वाटतोय. फसलो का?

पिक्सेलपाटील

केबल कुठली लावलीस?

विक्रोळी_स्लो

सेटटॉप बॉक्सची एचडीएमआय होती, तीच.

पिक्सेलपाटील

देवा. खोक्यात डिस्प्लेपोर्टची केबल असेल, ती लाव. मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डाला. मग विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन ६० चे १६५ हाताने कर, ते आपोआप होईलच असं नाही.

विक्रोळी_स्लो

झालं!! माउस खरंच ओला नाही राहिला.

अक्षरवेडी

आता कामाचं. नवा मॉनिटर डोळे फोडेल इतका उजळ येतो. ट्यूबलाइट लावून पडद्याशेजारी कोरा कागद धरा, वर्डचं कोरं पान उघडा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. विंडोजचं नाइट लाइट बंद आहे ना ते बघा. मी एक अख्खी पत्रिका ते चालू ठेवून केली होती, हळदीचा कार्यक्रम निळसर निघाला.

आणि बॅनर पाठवण्याआधी फ्लेक्सवाल्याकडून भगव्याच्या चार-पाच छटांची वीतभर पट्टी त्याच फ्लेक्सवर छापून घ्या. आवडेल त्या छटेचे सीएमवायकेचे आकडे लिहून ठेवा. पुढच्या वेळी पडदा काहीही दाखवो, आकडा तोच टाकायचा.

विक्रोळी_स्लो

पट्टी आजच आणली, पाच छटा. टेबलाच्या वर भिंतीला चिकटवलीय. आई म्हणते तिसरी, अध्यक्षांना फोटो पाठवला तर ते म्हणाले दुसरी. मी म्हटलं, काका, फोटोवर नको, प्रत्यक्ष या. रविवारी येतायत.

जुना २२ इंची विकायला काढा असं कुणी सांगू नका. बहिणीने कालच उचलला आणि कडेने स्टिकर लावून टाकले.

मुलुंडची_कुंदा

आर्म घेतलास का?

विक्रोळी_स्लो

पुढच्या पगा... पुढच्या पत्रिकेचे पैसे आले की, ताई.